आडवी बाटली

कार्तिकात बागेत गळ पडते तेव्हा
व्यापारी झाडावरची संत्री मोजतो, खालची नाही.
खालची माझी.
शशिकलाच्या बागेतून दोन टोपली वेचली,
बुरशी धरलेली वेगळी, माशीनं टोचलेली वेगळी,
उरली ती सोलत बसले ओट्यावर.
पांढरा दोरा एकही ठेवायचा नाही, बी तर नाहीच,
नाहीतर कडूपणा वर्षभर बोलत राहतो.

मध साबूलालनं आणला, मेळघाटातला,
पत्र्याच्या डब्यात, वर दोन मेलेल्या माशा.
"खोकला हाय का बाई?"
हो म्हटलं.
चौतीस वर्षं रजिस्टरात खरं लिहिलं,
पहिलं खोटं मधापायी.

उकळणं मला कुणी शिकवायला नको.
उपकेंद्रात कात्र्या, चिमटे, नाळेचा दोरा
वीस-वीस मिनिटं उकळलेत.
तशीच ही बरणी, हे गाळणं, ही पळी.
तीन किलो मध, दहा लिटर कोमट पाणी,
फोडी कुस्करून, मनुका मूठभर,
वरुडच्या बेकरीतून मागून आणलेलं चिमूटभर यीस्ट.
तोंडाला बूच, बुचातून सलाइनची नळी,
नळीचं टोक पाण्याच्या शिशीत.

पहिल्या रात्री काही नाही.
दुसऱ्या पहाटे
बुडुक.
मग बराच वेळ गप्प.
मग बुडुक.
कान लावून बसले. जुनंच काम माझं,
फुगल्या पोटाला कान लावून बसणं.
वहीत लिहिलं: चार वाजून दहा मिनिटं.
ठोके नियमित. बरणी कोमट.

वामनराव डेअरीतला लॅक्टोमीटर घेऊन आले.
"दुधातलं पाणी पाह्यलं जलमभर, आता हे पाहू."
पहिल्या दिवशी काडी आकड्यांच्याही वर तरंगली,
मग आठवड्याआठवड्याला खाली खाली.
"गोडी जाते कुठं हो बाई?"
जाते कुठं? नाव बदलते.

नाव. तिथंच अडलं.
पौषात बरणीला गोधडी गुंडाळत होते,
नणंद आली, वास घेतला, पदर नाकाला.
"दारूच होय ना व हे?"

मला गोकर्णा आठवली.
भुवईवर पाच टाके. महिन्यानं पुन्हा तीन.
टाके घालताना तिच्या लुगड्याला येणारा वास
तिचा नव्हता.
आणि शाळेतलं ते मतदान,
उन्हात बायकांची रांग, कागदावर दोन चित्रं:
उभी बाटली, आडवी बाटली.
आडवीवर शिक्का असा हाणला
की शाई कागदाच्या पाठीवर उतरली.
दुकान उठलं.
तीन किलोमीटरवर जाऊन बसलं.

नणंदेला म्हटलं, हाव. दारूच.
गोधडी मात्र काढली नाही.

चैत्रात चाखलं. आंबटढाण, घशाला ओरखडा.
फेकणार होते. वामनराव म्हणाले, थांबा,
लोणच्याले तरी कुठं पहिल्या दिवशी चव असते.
अकरा बाटल्या भरल्या.
बूच ओलं राहावं म्हणून आडव्या ठेवायच्या असतात,
त्यांच्या नातवानं फोनवर पाहून सांगितलं.
रांजणाखालच्या ओल्या वाळूत
एकेक निजवली.
सातवीपाशी हात थांबला,
मग एकटीच हसले, रांजणाला टेकून.

वैशाखात एक फुटली भर दुपारी.
शेजारी धावत आले, सिलिंडर समजून.
दहा राहिल्या.

पुढच्या कार्तिकात गोकर्णा आली गळ वेचायला.
केस पांढरे, भुवईतली रेघ तशीच.
वाळूकडे पाहत म्हणाली,
"आडव्या कावून ठेवल्या?"
सांगितलं सगळं, बुचाचंही, मतदानाचंही.
काचेच्या ग्लासात दोन बोटं ओतलं,
उन्हात धरलं तर सालीच्या रंगाचं.
तिनं वास घेतला. पुन्हा घेतला.
"थेच्यासारखा नाही," म्हणाली,
"आंब्या बहाराच्या फुलासारखा येते."

प्यायली नाही.
ग्लास मात्र ऊन कलेपर्यंत
दोन्ही हातांत धरून बसली.